यादी भिंतीवर हवी, बाईच्या डोक्यात नको

दिवाळीची आवराआवर जवळ आली की घराघरांत दोन प्रकारचा मजकूर फिरू लागतो. एक, घर कसं आवरावं याच्या याद्या: खोलीवार, कप्प्यावार, फोटोंसकट. दुसरा, त्या याद्यांची टर उडवणारा. या दुसऱ्याचा आवाज अलीकडे चढत चालला आहे. फ्रिजवर चित्रं चिकटवून घर चालवायचं म्हणजे घराचं ऑफिस करायचं. आमच्या आयांनी दहा-दहा माणसांचं खटलं कसलीही यादी न लावता सांभाळलं. घराची ओढ असेल त्याला पसारा आपसूक दिसतो. चित्रं बालवाडीतल्या पोरांना लागतात, मोठ्यांना नाही. आणि शेवटी ठेवणीतली म्हण: हात फिरे तिथे लक्ष्मी वसे.

यातलं काहीच मला मान्य नाही. आयांचा दाखला तर सरळसरळ अन्यायाचा वाटतो, म्हणून आधी त्यालाच उत्तर देते.

आईला यादी लागत नव्हती असं सांगणारा बहुतेकदा त्या घरात वाढलेला मुलगा असतो. त्याच्यासमोर ताट यायचं आणि जेवण झालं की उचललं जायचं. मधलं काही त्याला दिसत नव्हतं. तिच्या डोक्यात मात्र यादी अखंड चालू असायची. विरजण लावलं का. मटकी भिजत घातली का. उद्या पाणी लवकर येणार, पिंप घासून ठेवलं का. गॅसचा नंबर कधी लावायचा. सासऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या. माळ्यावर पाट आहेत ते कुठल्या पोत्यामागे. नणंदेच्या लग्नात आलेल्या साड्यांपैकी कुठली कुणाकडची, कारण आहेराची साडी जिच्याकडून आली तिलाच परत गेली तर वर्षानुवर्षं बोलणी खावी लागणार. हे सगळं तिने कुठे लिहून ठेवलं नाही, कारण लिहायला उसंत नव्हती आणि कुणी विचारलंही नाही. ती आजारी पडली की मग घराला कळायचं. बाई दवाखान्यात सलाइनवर, आणि घरून फोन: रवा कुठे ठेवलायस? हा फोन आजही जातो.

त्या बायकांची स्मरणशक्ती अफाट होती, यात वाद नाही. पण त्या कर्तबगारीचं कौतुक करता करता आपण ओझं जागच्या जागी ठेवतो आणि सुनेकडून तीच अपेक्षा धरतो. सून सकाळी साडेसातला घर सोडते आणि रात्री आठला परतते, हे मात्र कौतुकाच्या भरात विसरलं जातं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसतात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. शंभरातल्या ८१ हून अधिक बायका त्या दिवशी घरकामाला हात लावतात, पुरुष जेमतेम २७. २०१९ च्या सर्वेक्षणात पुरुषांची ९७ मिनिटं होती. म्हणजे हात लावणारे पुरुष किंचित वाढले, पण त्यांची मिनिटं घटली. आणि कणीक मळताना मनात चाललेला उद्याचा हिशेब कणीक मळण्याच्याच मिनिटांत जमा होतो; त्याला वेगळा रकाना मिळत नाही.

फ्रान्समध्ये एम्मा या नावाने काम करणाऱ्या चित्रकर्तीने २०१७ मध्ये एक चित्रकथा काढली आणि ती जगभर गेली. तिचा विषय हाच होता: बायकोची दमछाक बघून नवरा म्हणतो की तू सांगायचंस ना, मी केलं असतं. आपल्याकडे हेच वाक्य 'तू फक्त सांग, मी करतो' असं येतं आणि ते समजूतदारपणाचं लक्षण मानलं जातं. पण काय राहिलंय ते बघायचं, ते लक्षात ठेवायचं, योग्य वेळी सांगायचं, सांगितलेलं झालं का ते पुन्हा बघायचं आणि हे करताना आवाज चढू द्यायचा नाही, ही सगळी मेहनत सांगणाऱ्याच्याच वाट्याला येते. करणारा हात बदलतो, डोकं तेच राहतं. चित्रयादीची माझ्या लेखी खरी किंमत इथे आहे. ती टापटिपीचं साधन आहेच, पण त्याआधी ती घराची माहिती एका डोक्यातून काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणते.

म्हणून त्या म्हणीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, हे खरंच आहे. हात कुणाचा, एवढंच ती सांगत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण ते गृहीत धरलं.

आता ऑफिसचा आणि कारखान्याचा मुद्दा. घराला कारखान्याची शिस्त लावू नका, असं सांगणाऱ्यांनी भोसरी, चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर जाऊन पाहावं. जपानी कारखान्यांतून आलेली 'फाइव्ह एस' पद्धत तिथल्या कामगारांना पाठ असते: नको ते काढा, हवं त्याला जागा द्या, स्वच्छ ठेवा, ठरलेल्या रीतीने ठेवा, आणि यात खंड पडू देऊ नका. तिथे हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची छाया रंगवलेली असते. बारा नंबरचा पाना जागेवर नसला की ती छाया उघडी पडते आणि कुणी कुणाला न विचारता सगळ्यांना कळतं की एक पाना बाहेर आहे. आठ तास ही पद्धत बिनचूक पाळणारा माणूस घरी येऊन चहा करायला उभा राहतो आणि विचारतो, साखर कुठे आहे गं? या माणसाला यादी समजत नाही असं कोण म्हणेल? कारखान्यात ती त्याच्यासाठी लावली होती, घरात कुणी लावली नाही. पाना नेमका कुठे असतो हे ज्याला अंधारात सांगता येतं, त्याला साखरेचा डबाही सापडायला हवा. तो सापडावा अशी सोय करणं म्हणजे घराचा कारखाना करणं नव्हे.

शिवाय ही रीत परकी आहे असं समजणाऱ्यांनी जुन्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची स्टीलची मांडणी आठवावी. ताटांना खाचा, पेल्यांना कठडा, कपांना आकडे, वाट्या उतरंडीने. शेजारी पुरणपोळी घेऊन गेलेलं ताट परत आलं नाही की खाच मोकळी दिसायची, आणि ती घरातल्या पोरालाही दिसायची. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार करणाऱ्या माणसांना वस्तूची जागा ठरवणं ही चैन नव्हती. गादी कुठे गुंडाळायची, दप्तर कुठल्या खुंटीला, पिंप कुठल्या कोपऱ्यात, हे नजरेला ठरलेलं होतं, नाहीतर रात्री झोपायला जमीन उरत नव्हती. त्या घरांत सगळं डोळ्यांसमोर होतं म्हणून वेगळी यादी लागली नाही.

मग घरं बदलली. मांडणी निघाली आणि मॉड्युलर किचन आलं. डबे, भांडी, डाळी, मसाले, सगळं एकसारख्या गुळगुळीत दारांआड गेलं. दिसायला सुरेख, पण कुठल्या दाराआड काय आहे हे ज्या बाईने ते भरलं तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. बाकीच्यांसाठी ते स्वयंपाकघर बंदच झालं. मांडणी जे काम करत होती ते आता कुणीतरी करायला हवं, आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक फोटो ते करू शकतो. वरच्या फळीवर डावीकडे डाळी, मधे रवा-पोहे-साबुदाणा, उजवीकडे पापड-कुरडया, खाली कुकर आणि त्याची भांडी. कप्पा नीट लावलेला असताना मोबाइलवर फोटो काढायचा, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा, लॅमिनेट करायचा. एवढंच. बाहेरच्या दाराला काही लावायची गरज नाही. ज्यांना देखण्या स्वयंपाकघराची काळजी आहे त्यांचा त्यात काही तोटा नाही.

चित्रं पोरांसाठी असतात, या म्हणण्यामागचा अहंकार मला जास्त खटकतो. अनुभवी माणसाला यादी लागत नाही ही समजूत विमानचालकांच्या बाबतीत ३० ऑक्टोबर १९३५ ला मोडली. अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं 'मॉडेल २९९' हे नवं बॉम्बर चाचणीसाठी उडालं, वर चढलं आणि कोसळलं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे कसलेले वैमानिक होते. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटाकडची हलती पाती हलू नयेत म्हणून लावलेली खीळ उड्डाणाआधी काढायची राहून गेली होती. हिल यांचा त्यात जीव गेला. त्यावर वैमानिकांनी शोधलेला उपाय म्हणजे उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी. कौशल्य कमी होतं म्हणून ती आली नाही. कसबी माणूसही गडबडीत साधी गोष्ट विसरतो, हे मान्य केल्यामुळे ती आली.

शल्यचिकित्सेतही हेच झालं. ज्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. त्या यादीतली कलमं पाहिली तर थक्क व्हायला होतं. रुग्ण हाच का? चीर द्यायची बाजू हीच का? खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं का? जगातले निष्णात हात, आणि त्यांच्यासमोर ही साधी कलमं. त्यांना त्यात कमीपणा वाटून चालला नाही.

मला त्यातलं नाव सांगण्याचं कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाव सांगून एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलायला कचरत नाही. शस्त्रक्रियेच्या या यादीच्या आधी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अतिदक्षता विभागासाठी पाच टप्प्यांची यादी केली, तेव्हा तिच्यासोबत एक अधिकारही दिला होता: डॉक्टरने टप्पा गाळला तर परिचारिकेने त्याला थांबवायचं. यादी समोर असली की लहान माणूस मोठ्याला अडवू शकतो, कारण तो स्वतःचं मत सांगत नसतो, सगळ्यांनी ठरवलेलं दाखवत असतो. घरात नेमकं हेच हवं आहे. दहा वर्षांच्या मुलीने 'बाबा, तुमचं राहिलं' म्हणून चित्राकडे बोट दाखवलं, तर तो उद्धटपणा ठरत नाही. बायकोने तेच म्हटलं की त्याला कटकट म्हणतात, आणि या कटकटीच्या शिक्क्याने किती बायका गप्प राहून स्वतःच काम उरकतात ते आपण सगळे जाणतो.

चित्रंच का, शब्द का नकोत, याचं उत्तर मी डोंबिवलीतल्या एका घरात जवळून पाहिलं आहे. पाच माणसं: आजी, आजोबा, नोकरी करणारे दोघं नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा. फ्रिजच्या बाजूला, पुढच्या दारावर नव्हे कारण तिथे लग्नपत्रिका आणि दूधवाल्याचा हिशेब असतो, सहा छोटे फोटो ओळीने लावले आहेत. विरजणाचं झाकलेलं भांडं. पाण्यात बुडालेलं कडधान्य. बंद केलेला सिलिंडरचा रेग्युलेटर. ओल्या कचऱ्याचा डबा, दारात ठेवलेला. काठोकाठ भरलेली पाण्याची कळशी. आणि कोरडा ओटा, कोपऱ्यात घासणी पिळून ठेवलेली. रात्री जो शेवटचा ओट्यापाशी असेल त्याने या सहांवरून नजर फिरवायची. भांडी घासणं या यादीत नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. भांडी राहिली तर सिंकमध्ये दिसतात. विरजण राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी ताक लागतं तेव्हाच कळतं. यादीत काय घालायचं हे त्यांनी 'काय काय करायचं असतं' यावरून ठरवलं नाही, 'काय राहून जातं' यावरून ठरवलं. बोइंगमध्ये याद्या तयार करणारे लोकही कलमं शक्यतो पाच ते नऊच्या पलीकडे जाऊ देत नाहीत आणि निवडताना हाच निकष लावतात. त्या घरातल्या आजींनी तो स्वतःच्या अनुभवावरून लावला होता.

मुलगा रात्री उशिरा जागतो, त्यामुळे ते सहा फोटो आता बहुधा त्याच्याच वाट्याला येतात. त्याला विरजण किती लावायचं ते आधी माहीत नव्हतं. फोटोत भांड्याशेजारी चमचा आहे, त्या चमच्यात दही जेवढं दिसतं तेवढं. शब्दांत लिहिलं असतं तर 'थोडंसं' असं लिहिलं गेलं असतं.

त्याच घरात आजोबांना अलीकडे विसरायला होतं. कपाटासमोर उभे राहून ते बनियन कुठे, रुमाल कुठे असं विचारत राहायचे, आणि आठवण करून देणाऱ्याच्या आवाजात नकळत त्रागा यायचा. आता प्रत्येक खणावर आत काय आहे त्याचा फोटो आहे. चष्म्याच्या खणावर त्यांच्याच चष्म्याचा, बाजारातल्या चित्राचा नव्हे. ते स्वतः उघडून घेतात. आयुष्यभर नोकरीत दुसऱ्यांच्या फायली सांभाळलेल्या माणसाला स्वतःचा रुमाल स्वतः काढता येणं याची किंमत ज्यांना कळत नाही त्यांनी चित्रांना बालिश म्हणावं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून चालणाऱ्या 'टीच' या उपक्रमाने स्वमग्न मुलांसाठी चित्रांचं दिनक्रमपत्रक रुजवलं, आणि आपल्याकडच्या विशेष शाळांतही शिक्षिका ते रोज वापरतात. तोंडी सूचना हवेत विरून जाते. चित्र जागेवर थांबतं, त्याच्याकडे दहादा वळून पाहता येतं आणि ते दहाव्यांदाही चिडत नाही. हा गुण फक्त स्वमग्न मुलांच्याच कामाचा आहे असं मानायला काही आधार नाही. 'खोली आवर' ही आज्ञा सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला तोकडी असते, कारण आवरलेली खोली म्हणजे काय हे आज्ञा देणारीच्या मनात असतं. आवरलेल्या खोलीचा फोटो दाखवला की त्याला काम कुठे संपतं ते कळतं.

इथे एका गोष्टीची धास्ती मलाही वाटते, आणि टीकाकारांनी ती काढली असती तर मी त्यांच्याशी सहमत झाले असते. हीच चित्रयादी घरकामाला येणाऱ्या मावशींच्या डोक्यावर बसवली जाऊ शकते. मालकिणीने फोटो लावायचे, मावशींनी तसंच्या तसं करून दाखवायचं, आणि एक कलम राहिलं की पगारावरून बोलणी. ज्या यादीत घरातल्यांपैकी कुणाचंच काम नाही ती यादी नाही, तो हुकूम आहे, आणि त्याला माझा विरोध आहे. मावशींना काय कुठे ठेवायचं हे फोटोमुळे दरवेळी विचारावं लागत नाही हा त्यांचा फायदा. वाचता येत नसलं तरी अडत नाही हाही. पण मग त्यांचं म्हणणंही यादीत यायला हवं. जड कुकर वरच्या फळीवर ठेवू नका, असं त्या म्हणाल्या तर फोटो बदलायला हवा.

यादी चार दिवसांत भिंतीचा भाग होते, मग तिच्याकडे कुणी बघत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना शस्त्रक्रियेची यादी लागू केली गेली आणि २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. वरून लादलेला कागद भरला जातो, वापरला जात नाही, असा त्याचा अर्थ मी घेते. पण म्हणून यादीच टाकून द्यायची का? वैमानिक यादी वाटेल तेव्हा वाचत नाही. ठरलेल्या क्षणी थांबून वाचतो. शस्त्रक्रियेच्या यादीला तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, रुग्ण खोलीबाहेर नेण्याआधी. घरातल्या बहुतेक याद्यांना थांबाच नसतो. नुसत्या टांगलेल्या असतात. रात्री ओटा पुसल्यावर, सकाळी चपला घालण्याआधी, शनिवारी कपडे वाळत घातल्यावर, असा एखादा क्षण ज्या यादीला बांधलेला नाही ती भिंतीत विरणारच. आणि इंटरनेटवरून उतरवलेली शंभर कलमांची 'संपूर्ण घर' यादी पहिल्याच रविवारी विरते. तिच्यातली नव्वद कलमं दुसऱ्या कुणाच्या घरातली असतात, आणि उरलेली न झाल्याची टोचणी नेमकी बाईलाच लागते. त्या याद्यांची बाजू मी घेत नाही.

नको असलेल्या वस्तू काढण्याच्या बाबतीत मारी कोंदो यांचं नाव घेऊन एक टोमणा नेहमी येतो. जपानच्या या बाईंनी जगाला घर आवरायला शिकवलं, २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर गाजली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनीच सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर घर पूर्वीसारखं टापटीप ठेवणं आपण काहीसं सोडून दिलं आहे. बघा, गुरूच हरली! मला यात हार दिसत नाही. त्यांची पद्धत एका माणसाने एकेक वस्तू हातात घेऊन स्वतःच्या मनाला कौल लावण्याची आहे. ती एकट्याची पद्धत आहे. तीन मुलांच्या घरात एकट्या मनाचा कौल पुरत नाही. तिथे ठरावही सगळ्यांचा लागतो आणि त्याची खूणही सगळ्यांना दिसेल अशी लागते.

आणि पसाऱ्याचा प्रश्न दिसण्याचा नाही. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांवर डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेट्टी यांनी केलेल्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात, ज्या बायका आपल्या घराचं वर्णन पसारा आणि अर्धवट कामं अशा शब्दांत करत होत्या त्यांच्यात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसारा एकाच घरात दोघांचा असतो, पण 'हे मला आवरायचंय' असं तो तिलाच सांगतो. चित्रावर जेव्हा कुणाचं काम हे दिसायला लागतं तेव्हा तो इतरांशीही बोलू लागतो.

आपल्या घरांत वस्तू बाहेर जायच्या वाटा पूर्वीपासून होत्या. बोहारीण दारात बसून जुन्या साड्या-शर्टांच्या ढिगावर पातेल्याचा सौदा करायची. विटलेल्या सुती लुगड्याची गोधडी व्हायची. रद्दीवाला, भंगारवाला ठरलेल्या दिवशी यायचे. सोसायटीच्या फाटकाने बोहारणीला बाहेर ठेवलं, गोधडी शिवणारे हात थकले, आणि वस्तू घरात अडकल्या. आज बहुतेक घरांत 'द्यायचं' म्हणून भरून ठेवलेली एक पिशवी दाराशी किंवा बाल्कनीत महिनोन्‌महिने असते. आवरलं असं वाटतं आणि वस्तू घरातच असते. त्यामुळे आवराआवरीच्या चित्रयादीचं शेवटचं चित्र रिकाम्या कप्प्याचं असून भागत नाही. ती पिशवी घराबाहेर पडल्याचं असायला हवं. कपडे कुणाला, कागद कुणाला, जुने चार्जर आणि बॅटऱ्या कुठे, हे शहरागणिक वेगळं आहे. पुण्यात कचरावेचक बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारावर येते, दुसरीकडे वेगळी सोय असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं आपल्यावर बंधनकारक केलं होतं. कचऱ्याच्या अशा वेगवेगळ्या डब्यांवर शब्दांपेक्षा फोटो लावून पाहावा. पाहुणेसुद्धा चुकत नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि हा माझ्या मैत्रिणींनीच घेतला आहे. यादी करणार कोण? फोटो काढणार कोण, छापून आणणार कोण, जुना झाल्यावर बदलणार कोण? तीच. म्हणजे आणखी एक काम तिच्याच गळ्यात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी एकच उत्तर देते: तिने करू नये. तिने सांगावं, दुसऱ्याने करावं. ज्याला कप्प्यात काय आहे ते ठाऊक नाही त्यानेच कप्प्याचा फोटो काढावा, कारण तो काढायचा तर त्याला आधी कप्पा उघडावा लागतो, प्रत्येक डब्याबद्दल विचारावं लागतं आणि जे कळलं नाही त्याची नोंद करावी लागते. यादी लावून झाल्यावर तिचा जेवढा उपयोग होतो तेवढाच ती करताना होतो. घरात थोरली बाई असेल तर हे लवकर करावं. वर्षाचं तिखट कुठल्या बरणीत, धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला केव्हा घालायचा, जरीच्या साडीची घडी किती महिन्यांनी मोडायची, घट बसायच्या आधी कुठली अंथरुणं धुवायची, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. तिने ते हसत सांभाळलं म्हणून ते तिच्याबरोबरच जावं असा काही नियम नाही. या घटस्थापनेआधी अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतील तेव्हा मुलाने किंवा नवऱ्याने मोबाइल घेऊन तिच्याजवळ बसावं आणि ती सांगेल तसे फोटो काढत जावं, चहा त्यानेच करावा, आणि साखरेच्या डब्याचा फोटो पहिला काढावा.